देशी वृक्षांचे बीज आणि अंगणातील रोपवाटिका



पावसाळा आला की वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात आणि रोपाला पहिले पाणी घातले जाते. दुसरे पाणी कोण घालणार, हा प्रश्न त्या दिवशी सहसा कोणी विचारत नाही. परंतु त्याहूनही आधीचा एक प्रश्न आहे. हे रोप आले कोठून? ते कोणत्या झाडाच्या बीपासून झाले, ते बी कोणी आणि केव्हा वेचले, कोणत्या पिशवीत ते किती महिने वाढले? महाराष्ट्र शासनाने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले होते. तेहतीस कोटी हा आकडा आपल्या कानांना चांगलाच ओळखीचा असल्यामुळे त्याचे कौतुकही झाले. एवढी रोपे लावायची म्हणजे तेवढी कोणीतरी आधी तयार करायला हवीत. आणि रोपवाटिकेत जे तयार असते तेच शेवटी डोंगरावर जाते. लावणाऱ्याची निवड ही बहुधा निवड नसतेच. ती दीड वर्षापूर्वी बी पेरणाऱ्याने करून ठेवलेली असते.

म्हणून आजचा विषय वृक्षारोपणाचा नाही. तो त्याच्या आधीच्या दीड वर्षाचा आहे.

आपल्या राज्यात १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणाचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. तेव्हा सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प या झाडांनी रोपवाटिका भरून गेल्या. त्या काळच्या अधिकाऱ्यांना आज दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्यापुढे सरपणाचा प्रश्न होता, उघडे पडलेले उतार होते, आणि ही झाडे खरोखरच भराभर वाढत. त्यांचे बी मुबलक मिळे, उगवण सहज होई. निलगिरीसारख्या झाडाला तर जनावर तोंड लावत नसे. रोपवाटिकेच्या दृष्टीने याहून सोयीचे झाड ते कोणते? उलट आपला हिरडा उगवायला कुरकुर करतो, धावड्याचे बी बहुतांशी पोकळ निघते, मोहाचे बी आठवडाभर ठेवले तरी धोका असतो आणि पळसाचे रोप पहिल्या वर्षी वीतभरच दिसते. अशा झाडांच्या वाटेला कोण जाणार? देशी झाडे आपल्या डोंगरांवरून हटली त्यात कुऱ्हाडीचा वाटा मोठा आहेच, पण ती पुन्हा परतली नाहीत याचे एक साधे कारण असे की त्यांची रोपे कोणी केली नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. परदेशी म्हणून एखाद्या झाडाचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. आपल्या गावाची ओळख असलेली चिंच मूळची आफ्रिकेतली, आणि तिला परकी म्हणण्याचे धाडस गावातले कोणी करणार नाही. प्रश्न असा आहे की हे झाड येथील जीवसृष्टीच्या संसारात कितपत मिसळले आहे. फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा मैना, कोतवाल, शिंजीर अशा पाखरांची त्यांवर जत्रा भरते. उंबर वर्षातून अनेकदा फळतो आणि इतर फळे नसतात त्या दिवसांत माकडांना, वटवाघळांना, हरियलांना जगवतो. विदर्भात ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर टसरचे रेशीमकिडे पोसले जातात व त्यावर भंडारा-गडचिरोलीकडील कुटुंबांची चूल पेटते. कोकणात धनेश पक्षी जुन्या, उंच बेहड्याच्या ढोलीत घरटे करतो. हे नाते शतकानुशतकांच्या सहवासातून आलेले असते. ऑस्ट्रेलियन बाभळीची राई कितीही हिरवी दिसली, तरी तिच्यात शिरल्यावर जी शांतता जाणवते ती जंगलाची नसते.

झाड वाढवण्याचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांविषयीचा प्रसिद्ध भाग आहे. आरमाराला लाकूड लागते हे ठाऊक असूनही आंबा-फणसासारखी झाडे रयतेकडून ओरबाडून घेऊ नयेत, जीर्ण झालेले झाड घ्यायचे तर मालकाला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. झाड वाढायला लागणारा काळ आणि ते वाढवणाऱ्याची माया यांचा एवढा विचार राज्यकारभाराच्या ग्रंथात यावा, ही मोठी गोष्ट आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा ग्रंथ ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील हस्तलिखितावरून अनुवादित होऊन १९९६ साली प्रकाशात आला. बियांवर दुधाचे, शेणाचे, धुरीचे संस्कार करण्याच्या कृती या परंपरेत सापडतात. त्यांतली प्रत्येक कृती आजच्या कसोटीला उतरेलच असे मानण्याचे कारण नाही. करून पाहावे, मोजावे आणि मगच सांगावे. पण पेरण्यापूर्वी बीवर काहीतरी प्रक्रिया करावी लागते, ते जसेच्या तसे मातीत टाकून भागत नाही, हे मर्म त्यांनी ओळखले होते हे निश्चित.

देवरायांचेही तसेच आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून १९७६ साली तो शास्त्रीय जगापुढे मांडला. देवाच्या धाकाने राखलेल्या या तुकड्यांत पंचक्रोशीत इतरत्र संपलेली झाडे अजून उभी आहेत. आज त्यांच्याकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आहे, ती म्हणजे बीजभांडाराची. ज्या गावाला देवराई आहे, त्या गावाला बी विकत आणावे लागत नाही. मात्र गावकऱ्यांना आणि पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय तेथील एक फळही उचलू नये. राखीव वनातून बी गोळा करायचे तर वन विभागाची परवानगी लागते, आणि अभयारण्यातून ते आणण्याचा विचारही मनात आणू नये. सुदैवाने त्याची फारशी गरज पडत नाही. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, मंदिरांच्या आवारात, जुन्या शाळांच्या अंगणात देशी झाडे अजून आहेत. महामार्गांच्या रुंदीकरणात मात्र ती वेगाने चालली आहेत. शंभर वर्षांचे झाड तोडले की त्याऐवजी अमुक इतकी रोपे लावण्याची अट घातली जाते. ती रोपे त्याच झाडाची असावीत अशी अट मात्र ऐकिवात नाही. झाडावर तोडीचा लाल पट्टा पडला की निदान त्या वर्षीचे बी तरी कोणी गोळा करावे. हे काम गावातली चार मुले एका सकाळी करू शकतात.

बी गोळा करण्याचे काही नियम आहेत आणि ते सगळे अनुभवातून आलेले आहेत. एकाच झाडाखाली बसून पोती भरू नयेत. शक्य तर एकमेकांपासून दूर असलेल्या दहा-बारा झाडांचे थोडे थोडे बी घ्यावे, कारण एका आईची लेकरे पुढे आपसातच फळू लागली तर पिढी दुबळी होते. झाड निरोगी आणि भर वयातले असावे. एकटे उभे असलेले, आसपास त्याच्या जातीचे दुसरे झाड नसलेले, असे झाड शक्यतो टाळावे. सर्वांत आधी खाली पडलेली फळे बहुधा किडकी असतात, ती सोडून द्यावीत. आणि सगळे वेचून आणू नये. मुंग्या, खारी, पाखरे यांचा वाटा झाडाखालीच राहू द्यावा. ज्या मातीत रोप लावायचे तिच्याच आसपासच्या झाडाचे बी घ्यावे हे सर्वांत उत्तम. कोकणातल्या बेहड्याचे बी मराठवाड्यात नेऊन पेरले तर उगवेल, पण तेथल्या उन्हाळ्याशी त्याच्या पूर्वजांची ओळख नसते.

आता बीचा स्वभाव पाहू. खरी मौज येथे आहे. काही झाडांचे बी वाळवून, डब्यात भरून वर्षभर ठेवले तरी बिघडत नाही. बहावा, खैर, बाभूळ, शिरीष, आपटा ही त्यातली. काहींचे बी मात्र वाळले की मेले. जांभूळ, फणस, कोकम, उंडी, सीता-अशोक, कुंभा ही या दुसऱ्या गटातली. त्यांची फळे पिकतात ती बहुधा पावसाच्या तोंडाशी किंवा पावसातच. निसर्गाने बीला वाट पाहण्याची सोय दिली नाही, कारण वाट पाहण्याची गरजच नव्हती. जांभळे खाऊन झाली की बिया धुवाव्यात आणि त्याच आठवड्यात पेराव्यात. जांभळाच्या एकाच बीतून कधी दोन, कधी तीन-चार अंकुर वर येतात. ते पाहून मुलांना फार आनंद होतो. कडुनिंबाचे बी या दोन्हींच्या मधले. निंबोळीचा गर काढून, धुऊन, सावलीत सुकवून ती दोन-तीन आठवड्यांत पेरली तर दाट उगवते. तीच निंबोळी दिवाळीपर्यंत ठेवली तर वाफा ओसाड राहतो. पुष्कळ जण ‘कडुनिंब उगवला नाही’ म्हणून मातीला दोष देतात. दोष बहुधा उशिराचा असतो.

ज्यांचे बी टिकते त्यांची अडचण वेगळी असते. त्यांचे कवच इतके कठीण, की त्यातून पाणी आत शिरत नाही. बहाव्याचे बी नुसते पेरले तर त्यातले थोडे या पावसात उगवेल, थोडे पुढच्या, थोडे कदाचित कधीच नाही. रानात कोल्हे, अस्वले, माकडे शेंगा खातात आणि त्यांच्या पोटातून बाहेर पडलेले बी लवकर रुजते. घरी हे काम खरखरीत दगडाने करता येते. बीची डोळ्याची बाजू सोडून दुसरी कड किंचित घासावी, आतला फिका रंग दिसला की थांबावे आणि रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी जे बी फुगून दुप्पट झाले ते पेरणीयोग्य. जे तसेच राहिले ते पुन्हा घासावे. बी जास्त असेल तर पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, त्यात बी टाकावे आणि ते पाणी आपोआप निवू द्यावे. बी पाण्यात शिजवायचे नाही, एवढे भान ठेवावे. बाभळीसाठी तर एवढाही खटाटोप नको. शेळ्यांच्या वाड्यातले लेंड्यांबरोबर पडलेले बी धनगरांच्या पिढ्यान् पिढ्यांना ठाऊक आहे. सागाचे फळ रात्री भिजवायचे, दिवसा उन्हात वाळवायचे, असे आठ-दहा दिवस केले की त्याचे टणक कवच सैल होऊ लागते. तरीही सागाला घाई नसते, तो सवडीने उगवतो.

हिरडा आणि बेहडा ही सख्खी भावंडे, पण स्वभाव निराळे. बेहड्याचा गर काढून बी एक-दोन दिवस भिजवले की ते बऱ्यापैकी उगवते. हिरडा मात्र परीक्षा पाहतो. त्याची गर काढलेली, वाळलेली कोय हलकेच तडकवून किंवा एका टोकाला कापून पेरावी लागते आणि तरी निम्मे उगवले तर समाधान मानावे. बेहड्याविषयी आपल्याकडे एक जुना आकस आहे. महाभारतातील नलोपाख्यानात नलाच्या देहातून बाहेर पडलेला कली बेहड्याच्या झाडात शिरला, तेव्हापासून ते झाड अशुभ ठरले. त्याच्या फळांचे फासे करून वैदिक काळी द्यूत खेळत असत, त्यामुळे त्याला ही बदनामी आली असावी. पण त्रिफळा चूर्णातला एक तृतीयांश भाग याच अशुभ झाडाचा आहे, आणि ते घेताना कोणी कलीची आठवण काढत नाही. तेव्हा बेहड्याची रोपे निःशंक मनाने करावीत. धनेशाला पुढच्या शतकात ढोली हवी असेल तर आज पेरायला हवे.

वड, पिंपळ, उंबर यांचे बी मोहरीहूनही बारीक. पिकलेले फळ चुरडून, सुकवून, विटांचा बारीक चुरा आणि थोडी वाळू यांवर भुरभुरावे, वर माती घालू नये, आणि पाणी झारीने न देता भांडे खालून पाण्यात ठेवून द्यावे. नाहीतर पहिल्याच धारेत सगळे वाहून जाते. याहून सोपा मार्ग म्हणजे गच्चीच्या कडेला, विहिरीच्या चिऱ्यांत, जुन्या भिंतींवर पाखरांनी पेरून ठेवलेली रोपे पावसात अलगद उपटून पिशवीत लावणे. भिंतही वाचते आणि झाडही. वडाची फांदी रोवून झाड करण्याची पद्धत सर्रास आहे, परंतु फांदीपासून झालेल्या झाडाला सोटमूळ नसते. वादळात अशी झाडे आधी आडवी होतात. वटपौर्णिमेला शहरांत फांद्या तोडून विकल्या जातात, त्याविषयी दरवर्षी हळहळ व्यक्त होते. ज्या वस्तीत एखाद्या भगिनीने वर्षभर आधी वीस-पंचवीस वडाची रोपे पिशव्यांत करून ठेवली असतील, तेथे त्या दिवशी पूजेला रोप आणि नंतर लावायला झाड, अशी दोन्हींची सोय होते. दसऱ्याला आपट्याचे हाल होतात, त्यात पुष्कळदा आपटा समजून कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात. आपट्याचे बी उन्हाळ्याच्या आधी शेंगांत तयार असते, रात्रभर पाण्यात भिजवले की उगवते. मूळ वृक्षांची ओळखच पुसट होत चालली आहे हे खरे दुःख. अशोक म्हणून जे सरळसोट झाड सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात तो आसुपालव. रामायणातला सीता-अशोक वेगळा, केशरी फुलांचा. त्याच्या बिया पावसाळ्याच्या तोंडाशी पडतात आणि लगेच पेराव्या लागतात.

चंदनाची गोष्ट तर आणखी वेगळी. चंदनाचे रोप स्वतःच्या मुळांवर पूर्णतः जगत नाही. शेजारच्या झाडाच्या मुळांना आपली मुळे चिकटवून ते काही अन्नरस घेते. म्हणून पिशवीतच त्याच्याजवळ तुरीचे एक-दोन दाणे टाकतात. तूर फार उंच झाली की छाटावी, पण उपटू नये. हे ठाऊक नसल्यामुळे चंदनाची किती रोपे ‘तण’ काढण्याच्या उत्साहात मेली असतील!

आता पिशवीकडे वळू, कारण सर्वाधिक हानी येथे होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मोह, हिरडा, खैर, पळस ही कोरड्या प्रदेशातली झाडे. बी रुजले की ती आधी खाली वाढतात. वर दोन पाने दिसत असतात तेव्हा खाली सोटमूळ वीतभर गेलेले असते. हे मूळ पिशवीच्या तळाला टेकते आणि पुढे जागा नसल्यामुळे वळते, गोल फिरते. रोप वरून टवटवीत दिसते. लावल्यावर दोन-तीन पावसाळे ते वाढतेही. पण मुळांचा तो वेटोळा सुटत नाही. खोडाबरोबर तोही जाड होत जातो, स्वतःलाच आवळतो, आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात खोल पाण्यापर्यंत न पोहोचलेले ते झाड वाळते किंवा वादळात मुळासकट उपटून पडते. मग आपण म्हणतो, यंदा ऊन फार होते.

याला उपाय आहेत. पिशवी रुंद असण्यापेक्षा खोल असावी. दुधाची एक लिटरची रिकामी पिशवी घरोघरी रोज निघते. ती वरून कापून, धुऊन, खालच्या भागात आठ-दहा भोके पाडली की उत्तम कामाला येते. अर्ध्या लिटरची पिशवी आवळा, आपटा यांना सहा महिन्यांपुरती चालते, मोहाला नाही. नारळाच्या करवंटीत रोपे करण्याचा उपदेश अनेकदा वाचायला मिळतो. दिसायला छान, पण करवंटी उथळ असल्यामुळे झाडाच्या रोपाला ती तुरुंगासारखी आहे. पळसाच्या पानांचे द्रोण मात्र बी रुजवण्यापुरते फार सोयीचे. रोप द्रोणासकट मोठ्या पिशवीत उतरवता येते. रोपवाटिकांत आता ‘रूट ट्रेनर’ नावाचे टणक, निमुळते कप्पे वापरतात. त्यांच्या आतल्या बाजूला उभ्या कडा असतात, त्यामुळे मूळ गोल न फिरता सरळ खाली येते. तळ उघडा असतो आणि कप्पे जमिनीपासून वर टांगलेले असतात. मुळाचे टोक हवेत आले की सुकते, आणि झाड वरच्या बाजूने नवी तंतुमुळे काढते. हेच तत्त्व घरच्या पिशव्यांनाही लावता येते. पिशव्या थेट जमिनीवर न मांडता विटांवर ठेवलेल्या जाळीवर किंवा बांबूच्या मांडवावर ठेवल्या की काम झाले. ते जमत नसेल तर दर महिन्या-दीड महिन्याला प्रत्येक पिशवी उचलून जागा बदलावी आणि खाली आलेले मूळ कात्रीने कापावे. हे कंटाळवाणे काम आहे, आणि रोपवाटिका बिघडते ती बहुधा याच कंटाळ्यामुळे.

माती म्हणजे दोन भाग चाळलेली पोयटा माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, एक भाग वाळू. काळी माती असेल तर वाळू वाढवावी, नाहीतर उन्हाळ्यात पिशवीत वीट तयार होते. शेणखत कच्चे असले की त्याबरोबर हुमणी येते आणि मुळे कुरतडते. पिशवी काठोकाठ भरून, आपटून, दाबून घ्यावी. अर्धी भरलेली पिशवी वरून दुमडते आणि पाणी आत जात नाही. बी त्याच्या जाडीच्या दीडपट-दुप्पट खोल पेरावे, त्याहून खोल नाही. ज्यांची सोटमुळे खोल जातात त्यांचे बी थेट पिशवीतच पेरावे. बारीक बी आधी गादीवाफ्यावर उगवून, दोन-चार खरी पाने आली की पिशवीत न्यावे. नेताना रोप पानाला धरून उचलावे, देठाला धरू नये, कारण पान तुटले तर दुसरे येते, चिरडलेला देठ भरून येत नाही. पाणी सकाळी द्यावे. पावसाळी ढगाळ हवेत रोज पाणी देण्याचा उत्साह आवरावा. कोवळी रोपे बुडाशी काळी पडून कोलमडू लागली तर ती मर आहे, आणि तिचे कारण बहुधा प्रेमाने घातलेले जास्तीचे पाणी असते.

सावली पहिले दोन-तीन महिने पुरे. पुढे रोपाला उन्हाची सवय लावावी, आणि लावणीच्या आधी महिनाभर पाणी हळूहळू कमी करावे. जाळीखाली लाडात वाढलेले रोप जूनमध्ये डोंगरावर नेले आणि पावसाने दहा दिवस ओढ दिली तर ते तग धरत नाही. पुष्कळांना सहा फुटी रोप हवे असते. पण दोन-अडीच फुटांचे, जाड बुंध्याचे, मुळे सरळ असलेले रोप बहुधा त्याला मागे टाकते. आणि लावताना पिशवी काढावी! हे सांगण्याची गरज नसावी, पण मोठमोठ्या कार्यक्रमांनंतर खड्डे उकरून पाहिले तर प्लास्टिकसकट गाडलेली रोपे आजही निघतात. पिशवी उभी चिरावी, तळाची बोटभर माती वेटोळ्यासह कापून टाकावी, मग रोप लावावे.

बीजगोळ्यांविषयी दोन शब्द. जपानचे मासानोबू फुकुओका यांनी या पद्धतीला नवसंजीवनी दिली. ते शेतीच्या वेगळ्या संदर्भात. आपल्याकडे सहलीला जाताना गाडीच्या खिडकीतून गोळे फेकण्याचा कार्यक्रम झाला आहे. त्यातले बहुतेक बी मुंग्या-उंदरांच्या पोटात जाते किंवा खडकावर वाळते. मुलांना हौस वाटते म्हणून करायचे तर करावे. पण त्याला वृक्षलागवड म्हणू नये. नक्षत्रवनांचेही असेच. त्यांच्यामुळे कित्येक विस्मृत झाडे रोपवाटिकांत परत आली, हे श्रेय मोठेच. परंतु आश्लेषाचा नागचाफा हा दमट सदाहरित रानातला. तो बीडच्या उन्हात लावून नक्षत्राचे काही भले होत नाही.

आणखी एक सावधगिरी. दिसेल त्या मोकळ्या जागेवर झाडे लावू नयेत. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या पट्ट्यातील माळराने ओसाड नाहीत. ती गवताळ प्रदेश म्हणून पूर्ण आहेत. माळढोक, धाविक, काळवीट, लांडगा, खोकड यांचे ते घर आहे. तेथे खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे त्यांना घराबाहेर काढणे. कासच्या पठारासारख्या सड्यांवरही झाडांना जागा नाही. तेथल्या इंचभर मातीत जी फुले येतात ती झाडांच्या सावलीत येणार नाहीत. देशी झाड म्हणजे कोणत्याही ठिकाणी चालणारे झाड असा अर्थ नाही. जिथे ते पूर्वी होते, तिथे ते परतले तर ते देशी.

आता व्यवहाराचे. शंभर पिशव्यांची रोपवाटिका सांभाळायला दहा बाय दहा फूट जागा पुष्कळ झाली. बंगल्याचे अंगण, शाळेची मागची बाजू, मंदिराचे आवार, कोठेही भागते. रोजचे काम अर्ध्या तासाचे. अडचण येते ती मे महिन्यात. शाळा बंद, कुटुंबे गावी गेलेली, आणि वर्षभर जपलेली रोपे पंधरा दिवसांत करपतात. म्हणून सुरुवातीलाच दोन कुटुंबांनी मिळून जबाबदारी घ्यावी आणि सुट्टीच्या पाळ्या लेखी ठरवाव्यात. पहिल्या वर्षी कठीण झाडांच्या नादी लागू नये. आपटा, करंज, बेहडा, आवळा, जांभूळ, कडुनिंब, बहावा, एवढी सात झाडे पुरे आहेत. बेहडा आणि आवळा हिवाळ्यात मिळतात, आपटा आणि बहाव्याच्या शेंगा उन्हाळ्याच्या आधी व उन्हाळ्यात, करंज वसंतात, जांभूळ आणि निंबोळी ज्येष्ठ-आषाढात. म्हणजे काम वर्षभर विभागलेले राहते. हात बसला की दुसऱ्या वर्षी मोह, कुसुम, शिवण, सीता-अशोक; हिरडा तिसऱ्या वर्षी.

एक वही ठेवावी. बी कोणत्या झाडाचे, ते झाड कोठे आहे, वेचल्याची तारीख, पेरल्याची तारीख, किती पेरले, किती उगवले, किती जगले. मेलेल्या रोपांचा आकडाही लिहावा. तो लपवला तर पुढच्या वर्षी तीच रोपे पुन्हा तशीच मरतात. रोप ज्याला दिले त्याचे नाव आणि जागा लिहावी, आणि पुढच्या होळीनंतर एकदा तिथे जाऊन ते आहे की नाही, हे पाहून यावे.